दूध केंद्राच्या कॉम्प्युटरवरचे आमचे शब्द

‘कोणीही सामील होऊ शकतं’ असं इंटरनेटवरच्या त्या पानावर लिहिलेलं होतं. इंग्रजीत होतं, पण अर्थ हाच. मी त्यावर चटकन विश्वास ठेवला, याचा राग मला इतक्या वर्षांनी आजही येतो. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतात, तेव्हा निदान मांडवाच्या तोंडाशी कोणीतरी उभं असतं, या-बसा म्हणतं, पाणी विचारतं. इथे मला मांडवाचं तोंडच सापडेना.

दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मी जालन्यात मस्तगडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. खाली बियाण्यांचं दुकान, वर आमचा क्लास. जिन्यात कायम औषध लावलेल्या बियाण्यांचा वास असायचा. सासर टेंभुर्णीचं. घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. सासऱ्यांच्या हयातीत जमीन झाली आणि सगळे एका गावाला धरून राहिले. थोरले दीर आणि जाऊबाई तिथेच असत. जाऊबाईंना मी नुसतं ‘बाई’ म्हणायचे. गावातल्या दूध संस्थेचं केंद्र बाईच सांभाळायच्या. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट काढायचं, कोणाचं किती ते मांडायचं. शिक्षण नववीपर्यंत, पण केंद्रावर त्यांचा शब्द चालायचा. तिथे उभ्या असल्या की बाईंची उंचीसुद्धा वाढल्यासारखी वाटायची.

मग केंद्रावर कॉम्प्युटर आला. चेअरमन माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पोळ्यापासून सगळं कॉम्प्युटरवर, आणि ज्याला तो चालवता येईल त्यानेच केंद्र बघायचं. त्यांचा पुतण्या औरंगाबादेहून कोर्स करून आलेलाच होता. दुसऱ्याच दिवशी सकाळचं दूध आटपून बाई काळीपिवळी जीपमध्ये बसल्या आणि थेट माझ्या क्लासच्या जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. घामाने पदर भिजला होता.

“मला शिकव,” म्हणाल्या. “पोळ्याच्या आत.”

“बाई, पाणी तर प्या.”

“पानी मंग पिते. आधी सांग, जमंल का न्हाई?”

मी जमेल म्हणाले. बाईंना नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

संस्थेच्या हिशेबतपासनिसाने चोरीची सीडी चालणार नाही म्हणून आक्षेप घेतला होता, म्हणून त्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारी प्रणाली टाकली होती. कोणा एका कंपनीची नाही, जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेली, आणि कोणीही वापरावी अशी. आमच्या क्लासमध्येही एका मशीनवर तीच होती. त्यातला चौकटींच्या हिशेबाचा प्रोग्राम बाईंना शिकायचा होता. त्या भराभर शिकल्या. आकडे टाकणं, बेरीज लावणं, नावांची रांग लावणं, हे सगळं हाताला लवकर बसलं. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता यायची, अर्थ लागत नव्हता. पण कोणतं बटण कुठे, हे त्यांनी जागेवरून पाठ केलं. अडलं ते निराळ्याच ठिकाणी. मधेच पडद्यावर एक चौकट उमटायची, त्यात इंग्रजीत काहीतरी विचारलेलं आणि खाली दोन-तीन बटणं. एकदा बाईंनी त्यातलं पहिलं बटण दाबलं आणि सकाळपासून भरलेलं सगळं पत्रक पुसलं गेलं. त्यांनी माउसवरचा हात असा झटकन काढून घेतला, की मला वाटलं शॉक बसला.

“हे काय इचारून राह्यलं, तेच मला कळंना,” त्या म्हणाल्या. “इचारनाराची भाषा मला येत न्हाई. मंग मी हो म्हनू का न्हाई म्हनू? न वाचता कशालाच हो म्हननार न्हाई मी, सांगून ठेवते.”

बाईंचं बरोबर होतं. उद्या केंद्रावर लोकांच्या दुधाचं पत्रक असं पुसलं गेलं, तर चेअरमनला बोलायचीसुद्धा गरज पडणार नव्हती.

त्या प्रणालीत मराठीची सोय होती. मी ती चालू केली. निम्मा पडदा इंग्रजीतच राहिला आणि उरलेल्या निम्म्यावर ‘संचिका’, ‘निरस्त करा’ असे शब्द आले. बाईंनी एकेक अक्षर लावून वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“निरस्त मंजी?”

“म्हणजे… राहू द्या.”

“मंग ‘राहू द्या’च लिहायचं ना. कोन लिहितं हे?”

कोण लिहितं, ते शोधायला मी क्लासमागच्या गल्लीतल्या नेट कॅफेत गेले आणि ते पान सापडलं. हे भाषांतर हौशी लोक करतात, मराठीसाठी माणसं कमी पडताहेत, कोणीही सामील होऊ शकतं. पुढची आवृत्ती लवकरच निघणार होती. त्याआधी शब्द दिले तर ते सीडीवर जातील, जगात जिथे जिथे ही प्रणाली असेल तिथे दिसतील. त्यानंतर दार बंद. मुदत पोळ्याच्या जरा आधीच संपत होती. मला वाटलं, देवच पावला. बाईंचं काम होईल आणि त्यांच्यासारख्या आणखी कितीजणींचं होईल.

मग आम्ही दोघी बसलो. सकाळचं दूध घालून बाई निघायच्या आणि संध्याकाळच्या दुधाआधी त्यांना परत पोचावं लागायचं. त्यात जालन्याचं लोडशेडिंग. जीप, लाइट आणि दूध या तिन्हींच्या मधे जो काय वेळ सापडेल तो आमचा. मी इंग्रजी वाक्य वाचून अर्थ सांगायचे, बाई शब्द सांगायच्या. फिल्टरला त्या म्हणाल्या ‘गाळा’. दूध गाळतो तसे नको ते आकडे गाळायचे. सेव्हला ‘राखा’. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई दुसरं काय म्हणणार? मी म्हणाले, लोक हसतील. त्या म्हणाल्या, “हसू दे, पन समजंल ना?” ‘जुनं पुसून नवं लिहू का?’ हे पूर्ण वाक्य बाईंचं. ‘कृपया पुष्टी करा’ असं मी लिहिलेलं त्यांनी खोडायला लावलं आणि तिथे ‘नक्की?’ आलं. इतकी वर्षं मी शिकवत होते, पण कॉम्प्युटरशी असं भांडता येतं, हे मला त्या दिवसांत कळलं. फार मजा आली आम्हाला, हेही सांगितलं पाहिजे. मुदत डोक्यावर होती, तरी मजा आली.

फाइल पुरी झाली, ती फ्लॉपीवर घेऊन आम्ही कॅफेत गेलो. पाठवायच्या ऐन वेळी बाई म्हणाल्या, “नुसतं ‘नक्की?’ नको. पोलिसावानी वाटतं. ‘नक्की ना?’ कर.” मी तिथल्याच मशीनवर फाइल उघडली, ते दोन जागी बदललं, राखलं आणि ईमेलला जोडून मराठीच्या गटाला पाठवून दिलं. गट म्हणजे, एका पत्त्यावर पाठवलं की सगळ्यांना मिळतं तसा. सोबत पत्र लिहिलं, मोठ्या अदबीचं. आदरणीय महोदय, वरील विषयास अनुसरून, वगैरे सगळं इंग्रजीत, कारण गटाचा नियमच तो. मराठीचं काम, बोलायचं मात्र इंग्रजीत.

लगेच उत्तर आलं. तुमचा संदेश मिळाला आहे, नियंत्रकांच्या मंजुरीसाठी ठेवला आहे.

“पोच मिळाली का?” बाईंनी विचारलं.

“मिळाली. साहेबांकडे आहे म्हणे.”

“मंग झालं. आता मागं लागू नको.”

आमची खरी चूक झाली ती इथे, आणि ती फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. दिरांच्या विहिरीची फाइल तहसीलमध्ये होती तेव्हा ते दर आठवड्याला खेटे घालायचे. एक दिवस कारकून वैतागला आणि त्याने फाइल गठ्ठ्याच्या तळाला घातली. तेव्हापासून घरात दंडक झाला की अर्ज विचाराधीन असला की गप बसायचं. साहेब चिडतात. बाईंनी मला तशी तंबीच दिली. गॅसवाल्याशी जिन्यात उभी राहून भांडणारी मी, पण त्या नियंत्रकापुढे हाताची घडी घालून बसले. त्या मशीनपलीकडे कोणी साहेबच बसलेला नाही, ही शंकासुद्धा आम्हाला शिवली नाही.

दिवस जात राहिले. आषाढ संपला. टेंभुर्णीत चेअरमनचा पुतण्या केंद्रावर येऊन कॉम्प्युटरसमोर बसायला लागला. बाई दूध मोजायच्या आणि तो बोटांनी टकटक करत बसायचा. बाई गावातल्या फोनवरून विचारायच्या, “काय कळ्ळं का?” आणि मी म्हणायचे, अजून नाही. त्या “बरं” म्हणायच्या. त्या ‘बरं’ने माझी झोप उडाली होती.

शेवटी मला राहवलं नाही. दंडक मोडून मी मराठीच्या समन्वयकांनाच लिहिलं. ते परदेशात राहणारे मराठी गृहस्थ होते. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चार ओळींचं. गटाचं सभासदत्व आधी घ्यावं लागतं. बाहेरच्यांचे संदेश अडवले जातात, ते कोणी बघत नाही, काही दिवसांनी आपोआप पुसले जातात. शिवाय पूर्ण फाइल पाठवायची नसते, फक्त बदल पाठवायचे असतात आणि तेही ठरलेल्या साधनाने. सगळं मार्गदर्शिकेत आहे, आधी ती वाचा.

मी त्या कॅफेत मोठ्याने काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॅफेवाल्याने गाण्यांचा आवाज वाढवला, एवढं आठवतं.

मार्गदर्शिका वाचली. ‘राहू द्या’ हे दोन शब्द त्यांच्यापर्यंत पोचवण्यासाठी काय काय लागत होतं! सभासदत्व वेगळं, खातं वेगळं. त्या खात्याला कुलूपकिल्ली म्हणून एक लांबलचक गुंतागुंतीची फाइल तयार करायची. मग काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्यांच्या कोठारातली सगळी फाइल उतरवून घ्यायची, तिच्यात आपले बदल करायचे आणि जुन्या-नव्यातला फरक तेवढा काढून पाठवायचा. एक स्पेस चुकली की पडदा नुसता ‘चूक’ म्हणणार, कुठे ते सांगणार नाही. आणि हे सगळं फोनच्या तारेवरच्या नेटवर. उतरवता उतरवता लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी कॉम्प्युटर शिकवून पोट भरत होते, तरी मला घाम फुटला. बाई एकट्या असत्या तर?

मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना माझा फरक तयार झाला आणि मी तो पाठवला. या वेळी तो पोचला. बाई नेमक्या त्या दिवशी आल्या होत्या, कॅफेत माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. थोड्याच वेळात उत्तर आलं. गटातल्या कोणा जुन्या सभासदाने सगळ्यांना जाईल असं लिहिलं होतं: या नवीन बाईंनी फाइलमधली प्रत्येक ओळ बदलून टाकली आहे. इतरांचं सगळं काम पुसून त्यावर स्वतःचं लिहिलं आहे. अशा लोकांना कोण आत घेतं? खाली आणखी एकाने हो ला हो केलं होतं.

आम्ही ‘निरस्त’सारखे थोडे शब्द बदलले होते, बाकी कोणाच्या ओळीला हात लावला नव्हता. मग मार्गदर्शिकेच्या कुठल्याशा कोपऱ्यात उलगडा सापडला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते; कॅफेच्या मशीनची खूण वेगळी, त्यांच्या प्रणालीची वेगळी. ‘नक्की ना?’ करायला फाइल कॅफेत उघडून राखली, तेव्हाच सगळ्या ओळींची शेपटं बदलली, आणि मी तीच फाइल पुढे वापरली होती. ती खूण माणसाला दिसत नाही. त्यांच्या साधनाला तेवढीच दिसली.

“काय म्हनून राह्यले?” बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. सौम्य करून सांगितलं, तरी त्यांना कळलं.

“शब्दाचं काय म्हनले? ‘राखा’ चालंल म्हनले का?”

शब्दांबद्दल एक अक्षर नव्हतं. चांगले की वाईट, गावंढळ की सोपे, काही नाही. शब्दांपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं. मला शिव्या बसल्याचं दुःख नव्हतं, पण एवढ्या धडपडीने ही बाई जीप पकडून येते, तिचं कोणी वाचतसुद्धा नाही, हे मला सहन होईना. मी तिथेच रडले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी कॅफेच्या दाराबाहेर उन्हाकडे बघितलं, जीपची वेळ झाली होती.

मी खुणा दुरुस्त करून नवा फरक काढला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो पाठवायला गेले आणि लाइट गेली. त्या दिवशी वाढीव लोडशेडिंग होतं. आली तेव्हा मुदत उलटली होती. पुढच्या आवृत्तीत बघू, असं समन्वयकांचं उत्तर आलं. बिचाऱ्याने या वेळी ‘धन्यवाद’ही लिहिलं होतं.

पोळा तोंडावर आला होता आणि त्या मार्गदर्शिकेचा मला इतका तिटकारा आला होता की ती शेवटपर्यंत वाचावी असंही वाटत नव्हतं. वाचली, आणि शेवटाजवळ एक आज्ञा सापडली. आपली भाषांतराची फाइल कोणालाही न विचारता आपल्याच मशीनमध्ये बसवता येते. प्रणाली सगळ्यांची, म्हणजे आपलीही. एवढी मोलाची गोष्ट त्यांनी तळाला घालून ठेवली होती!

फ्लॉपी पर्समध्ये घालून मी पहिल्या जीपने टेंभुर्णी गाठली. केंद्रावर चेअरमन, दोन संचालक, पुतण्या सगळे बसलेले होते, कारण केंद्र कोणी बघायचं, बाईंनी की पुतण्याने, याची परीक्षा त्याच दिवशी होती. मी आज्ञा दिली. पडदा एकदा काळा झाला. मग तो उजळला. वर लिहिलेलं होतं: उघडा. राखा. गाळा.

बाई खुर्चीत बसल्या. आधी पुतण्याने पत्रक केलं होतं, झटपट केलं होतं. बाईंनी सावकाश केलं. आकडे भरले, नावं लावली, बेरीज घेतली. आणि नेमकी ती चौकट उमटली. सगळे पुढे झुकले. बाईंनी मोठ्याने वाचलं, “जुनं पुसून नवं लिहू का? नक्की ना?” मग मान हलवून त्यांनी ‘राहू द्या’ दाबलं, कारण जुनं पुसायचं नव्हतंच.

“हे तर आपल्यावानी बोलून राह्यलंय!” चेअरमन म्हणाले आणि हसत सुटले. पुतण्याही हसला. केंद्र बाईंकडे राहिलं. घरी जाताना बाई वाटेत मला म्हणाल्या, “पन बाकीच्या बायांकडं हे न्हाई ना जायचं?” मी म्हणाले, पुढच्या वेळी पाठवू.

ते मी पाठवलं नाही असं नाही. पुढच्या खेपेला गेले, तर त्यांनी कोठारच बदललेलं, साधन नवं, आज्ञा नव्या, जुनी किल्ली चालेना. मी प्रश्न विचारला, त्यावर मार्गदर्शिकेचा पत्ता आला. त्यानंतर क्लास, मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि मी परत गेले नाही.

बरंच उशिरा एका पावसाळ्यात तालुक्याहून कोणी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला आणि त्याने केंद्राच्या कॉम्प्युटरवर नवीन आवृत्ती बसवून दिली. चांगल्या मनानेच टाकली. आमची फाइल तिच्याखाली पुसली गेली. फ्लॉपी केव्हाच खराब झाली होती आणि ती फाइल जगात फक्त त्या एका मशीनवर उरली होती. बाईंनी मला फोनसुद्धा केला नाही. मी सणाला गेले तेव्हा संध्याकाळचं दूध चालू होतं आणि मला पडदा इंग्रजीत दिसला.

“बाई! मला सांगायचं नाही का?”

“काय सांगू? काम होऊन राह्यलं ना.” हात थांबले नव्हते. “सारं ठाऊक झालंय आता, कुठं काय हाय ते.”

मी बघत उभी राहिले. आकडे भरले, बेरीज झाली, आणि पडद्यावर ती चौकट उमटली, इंग्रजीत. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिलं बटण दाबलं.

“काय विचारत होतं ते?” मी म्हणाले.

“कोनाला ठाऊक,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या किटलीचं झाकण उघडलं.